चौदापैकी चौदा सामान्य

मागच्या वर्षी तीन महिने मी शाळाशाळांतून मुलांचे डोळे तपासत हिंडले, असं माझी आई अजूनही सांगते. डोळे मी तपासत नव्हते, टॅबवर बटणं दाबत होते, हे मी तिला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण गळ्यात ओळखपत्र आणि न्यायला गाडी म्हणजे मुलगी डॉक्टरच्या जवळपास पोचली, असा तिचा हिशेब. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे माझ्याबद्दल कोण काय समजेल याचा नेम नसतो. सुरुवातीचे काही दिवस माझाही तसाच समज होता, हे कबूल करायला हवं.

कॉलेजच्या फळ्यावर कागद लागला होता. 'क्षेत्रीय माहिती सहायक पाहिजेत. समाजसेवेची आवड असावी.' मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, रत्नागिरीत तिघींबरोबर खोली घेऊन राहत होते, आणि समाजसेवेची आवड मला खरोखरच होती. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते आहे. मुलाखत मांडवीजवळच्या एका ऑफिसात झाली. मुलाखत म्हणजे, "मोबाईल नीट चालवता येतो ना?" एवढंच. रातांधळेपणा आणि अ जीवनसत्त्व याबद्दल मी जे काही पाठ करून गेले होते ते तसंच परत घेऊन आले.

या कामाची रचना मला हळूहळू कळली. निदान कळली असं वाटतं. मधली एखादी पायरी सुटलीही असेल. एका स्थानिक कार्यालयाने, कुठल्या ते लिहीत नाही, ठरवलं की आपल्या हद्दीतल्या शाळकरी मुलांचे डोळे वेळेत तपासले जावेत. चांगली गोष्ट. मग लक्षात आलं की तपासायला माणसं नाहीत. जागा मंजूर आहेत, पण त्यांवर कोणी बसलेलं नाही. म्हणून निविदा निघाली. ती दूरच्या एका मोठ्या संस्थेला मिळाली. या संस्थेने रत्नागिरी हे नाव बहुधा आंब्याच्या पेटीवरच वाचलेलं असावं. तिने ते काम एका लहान संस्थेला दिलं, लहान संस्थेने गाड्या आणि पोरंपोरी जमवायचं काम मांडवीजवळच्या त्या ऑफिसातल्या आमच्या सरांना दिलं, आणि सरांनी ते आम्हाला दिलं. ज्या टेबलावर कोणालातरी मुलांची काळजी वाटली होती तिथपासून ते मूल उभं होतं त्या फरशीपर्यंत मध्ये इतके हात होते, की काळजी वाटेतच कुठेतरी उतरून गेली असावी.

कराराची प्रत सरांनी आमच्या गटावर टाकली होती. ती कोणी उघडली नाही. मी उघडली, कारण मी औषधाच्या बाटलीवरचं लेबलही पूर्ण वाचणाऱ्यांतली आहे. चाळीसेक पानं होती. एसटीत बसून मी ती वाचली आणि पहिल्यांदा वाचताना मला आदर वाटला. किती बारकाईने विचार केलाय! फलक किती फुटी असावा, त्यावर कोणाचं चिन्ह डावीकडे आणि कोणाचं उजवीकडे, पाहुण्यांचं स्वागत कशाने करावं, फोटोत फलक, मुलं आणि पाहुणे एकाच वेळी कसे दिसावेत, फोटोवर ठिकाण आणि वेळ कशी उमटावी. दुसऱ्यांदा वाचताना मी मुलाला शोधत होते. ते सापडलं एका परिशिष्टात. 'तपासणी म्हणजे लाभार्थ्यास विहित तक्त्यासमोर विहित अंतरावर उभे करून त्याच्या उत्तराची नोंद घेणे.' उत्तराची नोंद. त्याला दिसलं की नाही याबद्दल त्या चाळीस पानांत कोणी काही विचारलेलं मला आढळलं नाही.

आणखी एक कलम होतं. शिबिराच्या आठ दिवस आधी प्रत्येक शाळेत जनजागृतीचं साहित्य लावायचं. डोळ्यांची निगा, हिरव्या पालेभाज्या, वगैरे. आता इतकी वेगवेगळी पोस्टरं छापायची कोणी? त्या लहान संस्थेतल्या कोणा हुशार माणसाने तोडगा काढला. तपासणीचा तक्ता छापायचाच होता, तोच जास्त छापला, वर 'डोळे अनमोल आहेत' अशी ओळ टाकली आणि शाळाशाळांना पाठवून दिला. म्हणजे ज्या तक्त्यावर मुलाची परीक्षा व्हायची तोच तक्ता आठ दिवस आधी त्याच्या वर्गाच्या भिंतीवर. आमच्या पेपरच्या बाबतीत असं झालं असतं तर विद्यापीठाने चौकशी समिती नेमली असती. इथे त्याला जनजागृती म्हणत होते.

मला हे तेव्हा खटकलं का? खटकलं, पण मला वाटलं, मोठ्या लोकांनी विचार केला असेल. मला पुष्कळदा असं वाटतं. ही माझी वाईट सवय आहे.

शिबिराचा दिवस सगळीकडे एकसारखा. आधी फलक बांधायचा. मग पाहुण्यांची वाट बघायची. मुलं अंगणात रांगेने उभी, ऊन तोंडावर, कारण सूर्य पाठीमागे असला तर फोटो काळा येतो. फोटो काढणारा ओरडायचा, "डोळे उघडे ठेवा, डोळे! डोळ्यांचं शिबिर आहे!" आणि त्या उन्हात बिचारी सगळी डोळे बारीक करून उभी. नारळ, दोन भाषणं, एका पाहुण्याने तर डोळ्यांऐवजी दातांवर भाषण केलं, बहुधा मागच्या शिबिराचा कागद खिशात राहिला होता. टाळ्या तेवढ्याच पडल्या. हे सगळं व्हायला दीड-दोन तास. मग पाहुणे गेले की एकेका मुलाची तपासणी, पाऊण मिनिटात एक.

तपासणारा मुलगा एका चष्म्याच्या दुकानात बसायचा. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. तो स्वभावाने वाईट नव्हता. पण दिवसाला तीन शाळा झाल्यावर माणूस तक्त्याकडे बघेनासा होतो. तो फोनकडे बघत "वरून वाच... पुढची... पुढची... शाब्बास" म्हणायचा आणि मी टॅबवर 'सामान्य' दाबायचे. दोनच बटणं होती, 'सामान्य' आणि 'संदर्भित'. 'संदर्भित' दाबलं की मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची चिठ्ठी मिळायची, आणि चिठ्ठी असेल त्यालाच पुढे चष्मा. एकदा बटण दाबलं की नोंद वर जायची आणि कुलूप लागायचं.

मुलं फार छान वाचत. मला कौतुक वाटायचं. कातळावरच्या दूरदूरच्या वाड्यांतली पोरं, पण इंग्रजी अक्षरं कशी धडाधड! कधीकधी त्यांना एक चालही असायची. पाढ्यांसारखी.

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या गावची पाळी आली. रत्नागिरीपासून एसटीने दीड तास आणि पुढे सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान, ओलांडून वीस मिनिटं चालत. मी ज्या शाळेत शिकले तीच शाळा. माझ्या वेळी पन्नासाच्या वर मुलं होती, आता चौदा. गुरुजी तेच. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. गाडीतून उतरताना मी गळ्यातलं ओळखपत्र नीट केलं, हे मला आठवतं. आई फाटकाशी येऊन उभी होती, तिच्या शेजारी माझी काकी. काकीची मुलगी, माझी चुलत बहीण, त्याच शाळेत चौथीत. काका मुंबईत असतो, गणपतीला तेवढा येतो.

"काय गो, ओळखत्येस ना आमाला?" काकी म्हणाली. "का आता मॅडम म्हनायचं?"

"काकी, काहीतरीच काय?"

"काहीतरीच नाय. आमची ही बघ, ही तं आताच ओळखत नाय कोनाला. समोरून माणूस गेला तरी मान वर करून चालत्येय. शिष्ट मेली."

बहीण रांगेत उभी होती. मी हात केला. तिने नुसतं माझ्या दिशेला पाहिलं. मलाही वाटलं, शिष्टच झालीय.

गुरुजी फार खुशीत होते. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "आज आमची पोरं तुझी मान खाली जाऊ देणार नाहीत. तयारी करून घेतलीय."

"कसली तयारी, गुरुजी?"

"अगं, तुमचा तक्ता आला ना आठ दिवसांपूर्वी. रोज प्रार्थनेनंतर म्हणून घेतो. पहिलीतल्या पोरालासुद्धा येतो."

हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की मी हसले. खरोखर हसले. वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला अर्धा तास लागला.

चौदा मुलांची शाळा कधी बंद होईल सांगता येत नाही. बाहेरून कोणीही माणूस कागद घेऊन आला की गुरुजींना वाटतं, हा पट बघायला आलाय. मग तो माणूस काही का विचारेना, पोरांना उत्तर आलं पाहिजे. आमच्या वेळीही असंच होतं. तपासणीला साहेब यायचे तेव्हा आम्ही धडे तर पाठ म्हणायचोच, पण 'शाळेत काय आवडतं?' याचं उत्तरही पाठ असायचं. पन्नासच्या पन्नास जणांना 'परिसर अभ्यास' आवडायचा. त्याच गुरुजींपुढे डोळ्यांचा तक्ता आला. तोही त्यांनी पाठ करून घेतला. त्यात त्यांना दोष देणं मला जमत नाही. दोष द्यायला दुसरे पुष्कळ आहेत.

तक्ता खिडकीच्या गजाला सुतळीने अडकवला होता. बहिणीची पाळी आली. तिने एक डोळा तळहाताने झाकला आणि सुरू केलं. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड." खणखणीत आवाज. तेवढ्यात सड्यावरून वाऱ्याची झुळूक आली आणि तक्ता गर्रकन उलटा झाला. मागची कोरी पांढरी बाजू पुढे आली. माझ्या तोंडून "अगं" निघणार होतं. पण ती थांबलीच नाही. कोऱ्या कागदाकडे सरळ बघत ती एकेक ओळ म्हणत खाली गेली. आमच्या तक्त्यातली शेवटची ओळ, जी मला स्वतःला नीट दिसत नाही, तीसुद्धा तिने न अडखळता वाचली. "डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी."

"शाब्बास," डॉक्टर फोनकडे बघत म्हणाला. "दुसरा डोळा."

दुसऱ्या डोळ्यानेही तिने तो कोरा कागद तितकाच सुंदर वाचला.

मी उठून सरांकडे गेले. सर दारात गाडीवाल्याशी बोलत होते.

"सर, तक्ता उलटा झाला होता."

"मग सुलटा कर."

"केला. पण तो उलटा असताना तिने वाचला."

"वाचला ना?"

"कोऱ्या बाजूवरून, सर."

सर हसले. "मग हुशार आहे. कोणाची मुलगी?"

"माझी चुलत बहीण."

"मग तर प्रश्नच नाही."

मी म्हटलं, दुसऱ्या एखाद्या तक्त्यावर बघू या का, फळ्यावर चार अक्षरं काढून विचारू या का. सरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. म्हणाले, "परिशिष्टात एकच तक्ता आहे. दुसरं काही फोटोत दिसलं तर अख्खी शाळा बाद धरतात. आणि अजून दोन शाळा करायच्यात आज. दाबा, मॅडम. मागे रांग आहे."

त्या दिवसापर्यंत मला कोणी मॅडम म्हटलं की आत कुठेतरी बरं वाटायचं.

मी दाबलं. 'सामान्य'. कुलूप लागलं. तिच्यानंतर सहा मुलं होती, तीही सामान्य. शेवटी गुरुजींनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं, सरांनी जाहीर केलं की चौदापैकी चौदा सामान्य, आणि टाळ्या झाल्या. प्रत्येकाला एकेक जाड कार्ड मिळालं, वर चिन्हं, खाली 'दृष्टी सामान्य' असं छापलेलं. हो, छापलेलं. 'संदर्भित'च्या चिठ्ठ्या वेगळ्या होत्या, त्या गाडीत गठ्ठ्यातच होत्या, दोरीसुद्धा न सोडलेल्या.

परतताना गाडीत मी एकेक आठवत गेले. ती पुस्तक नाकाला लावून वाचते, आणि काकी म्हणते, "वास घेत्येस काय अक्षरांचा?" ती एसटीला कधी हात करत नाही, दुसरं कोणी करेपर्यंत. ती माणसांना ओळखत नाही, पण आपण बोललो की लगेच हसते. एवढं सगळं आमच्या समोर होतं आणि आम्ही तिला शिष्ट ठरवून मोकळे झालो होतो. तरी आम्ही निदान फुकट चुकत होतो. या लोकांनी चुकण्याची रीतसर निविदा काढली होती.

मी काहीतरी केलं का लगेच? नाही. मला वाटलं, काकीला फोन करू. मग वाटलं, नोंद माझ्या नावावर आहे. मग वाटलं, शिमग्याला घरी जाणारच आहोत. असे तीन आठवडे गेले.

शिमग्याला घरी गेले. पालखी आमच्या वाडीत यायला दोन दिवस होते. दुपारी मी पडवीत बसले होते आणि शेजारच्या अंगणातून काकीचा आवाज आला.

"फळ्यावरचं अर्धंच उतरून आनलंस? का? दिसत नाय म्हनून सांगत्येस? डोळे चांगले हायत म्हनून सरकारनं लिवून दिलान हाय! ह्ये बघ कार्ड! आता कंचं निमित्त सांगशील?" आणि एक चापट.

म्हणजे मधल्या दिवसांत तिने सांगितलं होतं. ती घरी सांगू लागली होती की दिसत नाही. आणि ते खोटं ठरवायला काकीच्या हातात आता पुरावा होता. तो मी दिलेला होता.

मी गेले. चपला न घालताच गेले.

"काकी, मारू नको. ते कार्ड चुकीचं आहे."

"चुकीचं कसं? तू होतीस ना तिथं?"

"होते. मीच भरलं ते."

मी सगळं सांगितलं, तक्ता उलटा झाला ते, सर काय म्हणाले ते. सांगताना माझी आईही कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"आनि तो डाक्टर काय करत होता?" काकीने विचारलं.

"फोनवर होता."

"आनि तू?"

"मी बटण दाबलं."

"वा गो वा! एवढं शिकलीस ती बटन दाबायला? घरातल्या पोरीचं खोटं लिवलंस, मग परक्यांच्या पोरांचं काय केलं असशील?"

आई कुंपणापलीकडून हळूच म्हणाली, "सावकाश बोल गो, लोकं ऐकतील."

"ऐकूदेत की! गाडीतून आली तवा ऐकवलंस ना सगळ्यांना?"

मला रडू येत होतं, पण रडले असते तर काकीने त्यावरूनही काहीतरी म्हटलं असतं, आणि ते खरंच असतं. काकीचा अजून विश्वास बसत नव्हता. माझ्यावरही नाही आणि कार्डावरही नाही. तिने स्वतःच तपासायचं ठरवलं. तिला कराराची गरज लागली नाही. तिने मुलीला पायरीवर उभं केलं आणि अंगणाच्या टोकाला दोरी होती तिकडे बोट केलं.

"दोरीवर कपडे किती हायत?"

"पाच," बहीण ताबडतोब म्हणाली.

सकाळी तिनेच वाळत घातले होते पाच. त्यांतले तीन काकीने जेवणाआधी काढून घडी करून ठेवले होते. दोरीवर दोन होते. एक लाल परकर होता, तो आंधळ्यालाही दिसेल असं मी लिहिणार होते, पण तसं लिहिणं आता बरोबर नाही.

काकी खाली बसली. मग मुलीला म्हणाली, "जेवलीस काय गो?" ती तासाभरापूर्वीच काकीच्याच हातची पेज जेवली होती.

पालखी येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी पहिल्या एसटीने रत्नागिरीला आलो. सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या खोलीबाहेर रांग होती. ना फलक, ना पाहुणे. दोन बाकं आणि एक बंद पडलेला पंखा. मी सोबत कार्ड घेतलं होतं, कोणी विचारलं तर दाखवायला. कोणी विचारलं नाही. आत एक मध्यमवयीन बाई होत्या, कपाळाला घाम, टेबलावर अर्धा प्यायलेला चहा. त्यांनी मुलीला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि भिंतीकडे काठी दाखवली. त्या तक्त्यावर मराठी अक्षरं होती.

"वाच बाळा."

बहीण ताठ बसली. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड..."

बाई थांबल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्यांनी काही विचारलं नाही. बहुतेक त्यांनी हे आधीही पाहिलं असावं, त्या वर्षी आमच्याच कामाचं फळ म्हणून.

"हे छान येतं तुला," त्या म्हणाल्या. "पण मला ते नकोय. इथे उत्तर नाही आलं तरी चालतं. समोर काही दिसतंय?"

बहिणीने काकीच्या दिशेला पाहिलं. काकीने तोंड उघडलं, बाईंनी हाताने तिला थांबवलं.

"नाय," बहीण म्हणाली. अगदी बारीक आवाजात.

"सगळ्यात वरचं, मोठं?"

"कायतरी काळं हाय."

"शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर निघाला. आठवड्याने चष्मा मिळेल म्हणाल्या. काकीने विचारलं, आधी आणली असती तर? बाई म्हणाल्या, "आता आणलीत ना." एवढंच. अख्ख्या तपासणीला पंधरा मिनिटं लागली असतील. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला राग आला, कोणाचा ते नीट सांगता येणार नाही. ही खोली इथेच होती. ही बाई इथेच होती. तिच्यासारख्या चौघींना गाडी देऊन गावोगाव पाठवणं कोणाला सुचलं नसेल असं नाही. पण त्याचं उद्घाटन कसं करणार?

मी सरांना लिहून कळवलं की आमच्या शाळेची आणि जिथे जिथे तक्ता आधी गेला त्या सगळ्या शाळांची तपासणी पुन्हा करायला हवी. पत्राची प्रत त्या कार्यालयातही नेऊन दिली. शिपायाने ती घेतली, त्यावर शिक्का मारला आणि मला परत दिली. मी म्हटलं, ही तुमच्यासाठी आहे. तो म्हणाला, "अस्सं होय," आणि त्याने ती ट्रेमध्ये ठेवली. दहा-बारा दिवसांनी सरांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते. उलट समजावून सांगत होते, लहान मुलाला सांगावं तसं.

"अगं, पुनर्तपासणी हा वेगळा घटक आहे. तो आपल्या कामात नाही."

"मग कोणाच्या कामात आहे, सर?"

"कोणाच्याच नाही अजून. त्याची निविदा निघेल तेव्हा बघू. आणि आपलं काम पूर्ण झाल्याचा दाखलाही मिळालाय, मार्चअखेरच. फार छान शेरा दिलाय."

त्या कामाचं अनुभव प्रमाणपत्र मी अजून आणायला गेलेले नाही. न जाण्याने कोणाचं काही बिघडत नाही, मला माहीत आहे.

गुरुजींना सांगायला गेले तेव्हा ते वर्गात एकटे होते. मी जमेल तेवढं हळू सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून भिंतीवरचा तक्ता काढला, चारही कोपऱ्यांचे खिळे काढून खिशात टाकले.

"मला वाटलं, परीक्षा आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर कोळशाने एकेक अक्षर काढलं आणि मुलांना मैदानाच्या टोकाला उभं करून दाखवत बसले, क्रम बदलून बदलून. मी मदतीला होते. आणखी दोघांना अडखळायला झालं. त्यांच्या आयांना गुरुजींनी स्वतः जाऊन सांगितलं. चौदा मुलांच्या शाळेत तीन. बाकीच्या शाळांचं काय, ते मला माहीत नाही. त्यांच्या नोंदींना कुलूप आहे, आणि सगळीकडे टाळ्या होऊन गेल्या आहेत.

चष्मा आणायला काकी एकटीच गेली. संध्याकाळी तिने तो मुलीला घातला, तेव्हा मी आणि आई तिथेच होतो. बहिणीने आधी आम्हा तिघींकडे नीट बघून घेतलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मग ती ओटीवरून आत गेली, माजघरात उभी राहिली आणि मान मागे टाकून वर बघायला लागली. कौलांकडे, वाशांकडे.

"आये," ती म्हणाली, "आपल्या घरात एवढी कोळिष्टकं हायत?"

काकी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आमच्याकडे वळून म्हणाली, "घ्या! आता ही माजी तपासनी करनार." आणि झाडू आणायला गेली.